पिझ्झावर चीज कोणतं घालाल?



सुट्टी लागली की मुलांची पिझ्झाची फर्माईश ठरलेलीच. कांदा-लसूण न घालता सॉस आपण घरी करतो, पण चीज मात्र ‘दुधाचंच तर आहे’ म्हणून निर्धास्तपणे किसून घालतो. माझ्या मते खरं लक्ष तिथेच द्यायला हवं.

चीज करताना दूध घट्ट व्हावं म्हणून रेनेट घालतात. पारंपरिक रेनेट वासराच्या पोटाच्या अस्तरातून काढतात, म्हणजे त्यासाठी वासराचा जीव गेलेला असतो. इटलीच्या ‘पार्मिजानो रेज्जानो’ चीजच्या तर नियमातच वासराचं रेनेट आहे. परदेशाहून कुणी प्रेमाने आणलं, तरी ते आपल्या पिझ्झावर नको.

आपल्याकडे हिरव्या ठिपक्याचं मोझरेला मिळतं. घटकांत ‘मायक्रोबियल रेनेट’ लिहिलंय ना, ते बघून घ्या. मुलांना हवी असते ती लांब तार मोझरेलालाच सुटते. प्रोसेस्ड चीज नुसतं वितळतं. मसाला घातलेलं चीज असेल तर त्यात लसूण पावडर नाही ना, तेही वाचा.

ज्यांच्या घरी मर्यादा पाळतात, त्यांनी त्याच दिवशी लिंबाने दूध फाडून पनीर करावं. तार येणार नाही, पण सिमला मिरची आणि मिरपुडीबरोबर छान लागतं, आणि मनात शंका राहत नाही.

मुलांना मात्र नुसतं ‘नाही’ म्हणू नका. वासराचं सांगा. कारण कळलं की पुढच्या वेळी पाकीट तीच वाचतील.