डाल्टनला उशिरा मिळालेला न्याय

सिनेमाच्या दुनियेत निकाल फार लवकर लागतात. शुक्रवारी चित्रपट लागतो आणि सोमवारपर्यंत तो चालला की पडला, हे ठरूनही जाते. एकदा शिक्का बसला की तो पुसत बसायला कोणाला सवड नसते. जेम्स बॉण्डचे चाहते मात्र याला अपवाद आहेत. १९६२ च्या ‘डॉक्टर नो’पासून २०२१ च्या ‘नो टाइम टू डाय’पर्यंत या मालिकेत २५ चित्रपट आले, सहा नट बॉण्ड झाले आणि या सहांची उजळणी चाहत्यांच्या बैठकीत अखंड चालू असते. या उजळणीत गेल्या काही वर्षांत एका नटाचे पारडे विलक्षण जड झाले आहे. तो म्हणजे टिमथी डाल्टन. १९८७ चा ‘द लिव्हिंग डेलाइट्स’ आणि १९८९ चा ‘लायसन्स टू किल’ हे दोनच चित्रपट त्याच्या वाट्याला आले. ‘फसलेला बॉण्ड’ म्हणून ज्याची बोळवण झाली, तोच आता ‘काळाच्या पुढचा बॉण्ड’ म्हणून गौरवला जातो आहे. हा बदल झाला कसा?

डाल्टनच्या आधी काय होते ते आठवून पाहावे. १९७३ ते १९८५ या काळात रॉजर मूरने सात चित्रपट केले. त्याचा बॉण्ड मोठा मिश्कील. संकट कितीही मोठे असो, कोटाची घडी मोडायची नाही आणि भुवई उंचावून एक कोटी केल्याशिवाय पुढे सरकायचे नाही! आपल्याकडच्या प्रेक्षकाला तर तो घरचाच वाटावा, कारण १९८३ चा ‘ऑक्टोपसी’ उदयपूरला चित्रित झाला आणि त्यात कबीर बेदी होता, विजय अमृतराज होता. १९८५ चा ‘अ व्ह्यू टू अ किल’ आला तेव्हा मूर ५७ वर्षांचा झाला होता. करमणूक तीच होती, पण धोका उरला नव्हता. हा माणूस मरणार नाही हे ठाऊक असणे वेगळे आणि त्याला मरणाची भीतीच नाही हे दिसणे वेगळे.

डाल्टन आला तो रंगभूमीवर शेक्सपिअर करून. साठीच्या दशकाच्या अखेरीस त्याच्याकडे या भूमिकेसाठी विचारणा झाली होती, पण आपण फार लहान आहोत म्हणून विशीतल्या या नटाने नकार दिला होता. १९८६ मध्येही निर्मात्यांची निवड पिअर्स ब्रॉस्नन हीच होती. दूरचित्रवाणी मालिकेच्या कराराने ब्रॉस्ननचे पाय बांधले आणि भूमिका डाल्टनकडे आली. त्याने आधीच्या नटांची नक्कल न करता इयान फ्लेमिंगच्या मूळ कादंबऱ्या उघडल्या. त्यांतला बॉण्ड खूप पितो, कंटाळतो, स्वतःच्या कामाची त्याला किळस येते आणि तरीही तो ते काम चोख करतो. हा थकवा डाल्टनने पडद्यावर आणला.

‘द लिव्हिंग डेलाइट्स’च्या सुरुवातीलाच त्याची चुणूक दिसते. बंदूकधारी स्त्रीला ठार करण्याचा हुकूम असताना बॉण्ड ती सराईत मारेकरी नाही हे ओळखतो आणि मुद्दाम नेम चुकवतो. वरिष्ठांकडे तक्रार करीन, असे सहकारी बजावतो, तेव्हा नोकरी गेली तर मी आभारच मानीन, अशा अर्थाचे उत्तर तो देतो. पुढे व्हिएन्नाच्या जत्रेत त्याच सहकाऱ्याचा खून होतो. संतापाने पिस्तूल उपसून बॉण्ड फुग्यांच्या मागे धावतो आणि पाहतो तो समोर एक बाई आणि तिचे लहान मूल! त्या क्षणी डाल्टनच्या चेहऱ्यावर जे दिसते, ते त्याआधीच्या अनेक वर्षांत या मालिकेत क्वचितच दिसले होते.

‘लायसन्स टू किल’मध्ये तर राजकारण नाही की जग वाचवणे नाही. मित्र फीलिक्स लायटरच्या नववधूचा अमली पदार्थांच्या व्यापाऱ्याने जीव घेतला, मित्राला शार्कच्या तोंडी दिले, एवढेच कारण. बॉण्ड सरकारी नोकरी झुगारून सूडाला निघतो. ब्रिटनमध्ये या चित्रपटाला पंधरा वर्षांखालील मुलांना मज्जाव करणारे प्रमाणपत्र मिळाले. ज्या मालिकेला बाप मुलाला हात धरून नेत असे, तिच्या दारातून मुलालाच परत पाठवले गेले. वर्षानुवर्षे गोड वरण वाढलेल्या पानात एकदम कडू कारले आले, तर घरची मंडळी तोंड वाकडे करणारच.

आता तो ‘फसल्या’चा शिक्का तपासू. मूरच्या शेवटच्या चित्रपटाने जगभरात सुमारे १५ कोटी डॉलर मिळवले. डाल्टनच्या पहिल्याने सुमारे १९ कोटी आणि दुसऱ्याने साडेपंधरा कोटींच्या आसपास. मग हा माणूस पडला कुठे? पडला तो अमेरिकेत. तिथे ‘लायसन्स टू किल’ साडेतीन कोटींच्या आसपास अडकला. १९८९ च्या त्याच उन्हाळ्यात ‘बॅटमॅन’ने तिथे २५ कोटींचा टप्पा ओलांडला होता आणि ‘इंडियाना जोन्स’ व ‘लेथल वेपन’चे नवे भागही मैदानात होते. त्यानंतर मालिका कंपन्यांच्या खरेदी-विक्रीत आणि कोर्टकचेरीत सापडली. सहा वर्षे एकही बॉण्डपट आला नाही. एप्रिल १९९४ मध्ये डाल्टनने भूमिका सोडली आणि १९९५ च्या ‘गोल्डनआय’मध्ये ब्रॉस्नन अवतरला. कोर्टातल्या खोळंब्याचे खापर लोकांच्या आठवणीत नटाच्या माथी फुटले.

पुढे २००६ मध्ये ‘कसिनो रॉयल’ आला. डॅनिएल क्रेगचा रक्ताळलेला, जिवाला लावून घेणारा बॉण्ड जगाने डोक्यावर घेतला. तेव्हा जुन्या चाहत्यांना आठवले की हे आपण आधी पाहिले आहे! तिथून डाल्टनची फेरतपासणी जोरात सुरू झाली.

मला हा बदल मनापासून आवडतो. पण त्याचेही भक्तिस्तोत्र होऊ नये. डाल्टनच्या चित्रपटांत खोट आहे. पहिल्यात मूरच्या वळणाचे विनोद उरले आहेत. बर्फावरून सेलोच्या पेटीत बसून घसरत पळण्याचा प्रसंग डाल्टनच्या गंभीर चेहऱ्याला शोभत नाही. त्यातले अफगाण मुजाहिदीन निव्वळ सज्जन आणि शूर आहेत. पुढचा इतिहास ठाऊक असलेल्या आजच्या प्रेक्षकाला ते भाबडे वाटते. चुरचुरीत वाक्य फेकण्यात डाल्टन मूरच्या जवळपासही नव्हता. आणि डाल्टनला वर चढवण्यासाठी मूरला खाली ओढायचे कारण नाही. लोकांना हसवत बारा वर्षे मालिका जिवंत ठेवणे ही सोपी गोष्ट नव्हती.

मला वाटते, डाल्टन काळाच्या पुढे होता असे म्हणणे आपल्या सोयीचे आहे. त्यात चूक काळाची ठरते, आपण सुटतो. खरे तर तो काळाच्या मागे, फ्लेमिंगच्या पुस्तकांकडे गेला होता. बदलला तो प्रेक्षक. १९८७ मध्ये आपण त्याच्यात मूर शोधत होतो, म्हणून तो उणा वाटला; २००६ नंतर त्याच्यात क्रेग शोधू लागलो, म्हणून तो मोठा वाटला. दोन्ही वेळा मोजपट्टी दुसऱ्याचीच! डाल्टनला डाल्टन म्हणून पाहायचे, तर तो काय करू पाहत होता आणि त्यातले किती साधले, एवढेच विचारावे. माझे उत्तर आहे, बरेच साधले.

हे आज सांगण्याला कारण आहे. २०२५ मध्ये ब्रोकोली घराण्याने मालिकेची कलात्मक सूत्रे अ‍ॅमेझॉन एमजीएमकडे सोपवली. क्रेगनंतरचा बॉण्ड पडद्यावर येईल तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्याला क्रेगच्या मापाने मोजले जाईल, चार विनोद केले तर मूरची नक्कल म्हटले जाईल, गंभीर राहिला तर कंटाळवाणा. त्या वेळी डाल्टनची आठवण ठेवावी आणि नव्या माणसाला निदान एक चित्रपट तरी त्याचा स्वतःचा म्हणून पाहू द्यावा.