बटणातली दया आणि घामाचे दाम



मागे मुंबईत मरोळला भाच्याकडे उतरलो होतो. एकेकाळी तिथे भाताची खाचरे होती. आज एमआयडीसी आणि काचेच्या इमारती आहेत. त्यातल्याच एका कंपनीत तो नोकरीला. कौतुकाने मोबाईल पुढे करून म्हणाला, "मामा, हे बटण दाबलं की आमची कंपनी शेतकऱ्याच्या कुटुंबाला दहा रुपये देते. मी रोज दाबतो." पडद्यावर भेगाळलेले रान, कपाळाला हात लावलेला म्हातारा आणि म्हाताऱ्यापेक्षा मोठे कंपनीचे नाव.

पोराची नियत साफ. म्हणून रागावलो नाही, हिशेब मांडला.

२०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम १३५ १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. त्यानुसार मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करावेच लागतात. हे दहा रुपये त्या खात्यातले असतील, तर तू बटण दाब नाहीतर झोप, रक्कम ठरलेलीच. त्या खात्यातले नसतील, तर तो जाहिरातीचा खर्च आणि तू बिनपगारी जाहिरातदार.

आता आमची बाजू. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. मे २०२४ मध्ये बंदी उठली, तीही ४० टक्के शुल्क ठेवून. ते शुल्क पुरते गेले १ एप्रिल २०२५ ला. लासलगावला क्विंटलमागे शेकडो रुपये बुडाले. त्या बंदीविरुद्ध एका तरी कंपनीने बटण काढले का? काढणार नाही. दया दाखवली की टाळ्या मिळतात. भाव मागितला की सरकार दुखावते. शहराने आमचा कांदा पाडून खायचा आणि वाचलेल्यातले दहा रुपये परत करून पुण्य घ्यायचे, असा हा व्यवहार आहे.

कृषी महाविद्यालयात आम्हाला शिकवले: पान पिवळे पडले तर तूट कशाची ते शोधा. पानाला हिरवा रंग फासू नका. आमची तूट दयेची नाही, भावाची आहे.

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून हजारो शेतकरी-आदिवासी चालत मुंबईत आले. दहावीच्या मुलांना त्रास नको म्हणून शेवटची मजल त्यांनी रात्री मारली. मुंबईकरांनी त्यांना पाणी, खाणे, चपला दिल्या. तीही मदतच, पण समोर उभे राहून केलेली. तिथे मागणी झाकली गेली नाही.

म्हणून पुढच्या बैठकीला येताना शहरातल्या आपल्या एका तरी पोराला सोबत आणा, आणि खिशात आडत्याची पट्टी आणा. त्याला ती वाचू द्या. मग त्यालाच विचारा, बटण कुठले दाबायचे.

भीक नको, हवे घामाचे दाम!