पंप पंधरा लिटरचा आहे

आमच्या अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरच्या शिवारात कपाशीवर फवारणी चालू असते आणि धुऱ्यावरच्या रेडिओतून सल्ला येतो: ‘बोंडअळीच्या प्रादुर्भावाच्या अनुषंगाने प्रति १० लिटर पाण्यात...’ पाठीवरचा पंप असतो १५-१६ लिटरचा! हिशेब जुळेपर्यंत निवेदक पुढे गेलेला असतो. छापलेलं पुन्हा वाचता येतं, ऐकलेलं निसटतं. म्हणून रेडिओसाठी संहिता लिहिताना एका वाक्यात एकच गोष्ट सांगावी. औषधाचं नाव आणि प्रमाण दोनदा यावं, तेही पंपाच्या मापात. हेक्टर सोडून एकरात बोलावं. व्यंकटेश माडगूळकरांसारखा गावची बोली जाणणारा लेखक पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण कार्यक्रमांसाठी वर्षानुवर्षं राबला, ही परंपरा आपलीच आहे. कृषी विद्यापीठ अकोल्यात, आकाशवाणी केंद्रही अकोल्यातच; शेतकरीही जवळच आहे. तज्ज्ञांनो, संहिता ध्वनिमुद्रणाला देण्याआधी एखाद्या शेतकऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवा.