वर्कशॉप संपलं... मग?

दरवर्षी ऑक्टोबर उजाडला की गोंदियाकडच्या मित्रांकडून ठरावीक फोटो यायला लागतात. 10 ऑक्टोबर म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिन ना! कॉलेजचा हॉल, मागे 'ताणतणाव व्यवस्थापन' लिहिलेला फ्लेक्स, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि समोर वर्गातून हाकलत आणलेली पोरं. पाहुणे तासभर सांगतात की सकारात्मक विचार करा, मोबाईल कमी वापरा, प्राणायाम करा. टाळ्या, आभार प्रदर्शन, चहा-समोसा. झालं, वर्षभराचं मानसिक आरोग्य उरकलं!

माझं म्हणणं सरळ आहे. दुसऱ्या दिवशी पोरांनी नेमकं कुणाकडे जायचं हे ज्या वर्कशॉपमध्ये सांगता येत नाही, ते वर्कशॉप घेऊच नका.

'अरे, काहीच नसण्यापेक्षा बरं ना?' असं लोक म्हणतात. मला नाही पटत. आपल्या आयटीत एखादं सॉफ्टवेअर रिलीज केलं आणि सपोर्टला माणूसच ठेवला नाही, तर क्लायंट दुसऱ्या दिवशी जोडे मारेल. इथे तर 300 पोरांना 'मोकळेपणाने बोला' असं माईकवरून सांगितलं जातं. समजा त्यातली एक मुलगी रात्रभर विचार करून, धीर गोळा करून दुसऱ्या दिवशी खरंच बोलायला आली. कुणाशी बोलणार? पाहुणे तर आदल्याच संध्याकाळच्या गाडीने नागपूरला गेले. त्या मुलीने यातून काय शिकायचं? विचारून काही होत नाही, हेच. पुढच्या वेळी ती विचारणारही नाही.

हा चहा-समोशाचा विषय नाही, मंडळी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 साली देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यातले 1,764 एकट्या महाराष्ट्रातले, म्हणजे सगळ्या राज्यांत सर्वाधिक. आपल्याकडे बातमी होते ती कोटाची किंवा एखाद्या आयआयटीची. तालुक्याच्या कॉलेजातलं पोर गेलं की स्थानिक पानावर चार ओळी, आणि कारण म्हणून 'अभ्यासाचा ताण'. विषय संपला.

आता जरा जिल्ह्याकडे बघू. 1 मे 1999 ला भंडाऱ्यातून वेगळा झालेला, आठ तालुक्यांचा हा जिल्हा. कॉलेजं नागपूर विद्यापीठाची. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावच्या खेड्यांतली पोरं एसटीचा पास काढून येतात आणि शेवटचं लेक्चर संपायच्या आत स्टँड गाठतात, कारण एक बस चुकली की पुढची कधी याचा भरवसा नाही. त्यांचा ताण फ्लेक्सवरच्या 'ताणतणावा'पेक्षा वेगळा असतो. तिसऱ्यांदा पोलीस भरतीत पाव सेकंदाने राहिलेला मुलगा. 'पदवी झाली की लग्न' असं ठरलेली मुलगी. धानाचे पैसे अडकलेत म्हणून परीक्षा फी न भरलेलं पोर. त्यात घरी पोवारी बोलतात, कुणाकडे गोंडी, बाजारात हिंदी, आणि पाहुण्यांचं भाषण छापील मराठीत! ज्या भाषेत रडू येतं, त्या भाषेत ऐकणारा कुणीतरी नको का?

बरं, हे सगळं मी हवेत बोलत नाहीये. 25 जुलै 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने याबद्दल देशभरातल्या शिक्षणसंस्थांसाठी निर्देश दिलेत. 100 किंवा अधिक विद्यार्थी असतील तर किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. त्याहून लहान संस्था असेल तर बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर व्यवस्था हवी. सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यायचं. हेल्पलाईनचे नंबर वर्गात, वसतिगृहात ठळक लावायचे. यात 'वर्षातून एकदा फ्लेक्स लावा' असं कुठेही नाही.

'पण गोंदियात तज्ज्ञ आणायचे कुठून?' हा प्रश्न मात्र खरा आहे. देशातच लाख लोकांमागे एक मनोविकारतज्ज्ञ पुरत नाही. पण याचं उत्तर विदर्भातच शोधून झालंय. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. त्यात गावातल्याच साध्या माणसांना नैराश्य ओळखायला, ऐकून घ्यायला आणि गरज पडली तर पुढे पाठवायला शिकवलं. आधी नैराश्य असलेल्यांपैकी 4.3 टक्के लोक मदतीपर्यंत पोहोचत होते, दीड वर्षात ते प्रमाण 27.2 टक्क्यांवर गेलं. 2017 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तो अभ्यास गावातल्या प्रौढांचा होता, विद्यार्थ्यांचा नव्हे, हे मान्य. पण धडा स्पष्ट आहे. तिथे काम झालं ते रोज दिसणाऱ्या माणसांमुळे.

कॉलेजातही अशी माणसं असतातच की. ग्रंथालयातले काका, लॅब असिस्टंट, वसतिगृहाच्या रेक्टर मॅडम, एनएसएसचे सर. पोरं अडचणीत यांच्याकडेच आधी जातात. पाहुण्यांच्या मानधनाऐवजी यांच्या प्रशिक्षणावर खर्च करा. आठवड्यातून एक ठरलेला वार, एक खोली, तोच समुपदेशक, आणि वेळ बस सुटायच्या आधीची. खोली प्राचार्यांच्या केबिनला लागून नको, नाहीतर अर्धं गाव विचारेल 'तुझं काय झालं?' गुप्तता ही काही मेहरबानी नाही, 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिलेला हक्क आहे. आणि प्रकरण गंभीर असेल तर पुढचा पत्ता तयार हवा. गोंदियात 2016 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यांच्याशी आधीच बोलून ठेवा. रात्री-अपरात्री 'टेलि-मानस'चा 14416 आहेच. 2022 पासून चालू आहे, फोन फुकट, मराठीतही बोलता येतं.

एवढं झालं की मग खुशाल वर्कशॉप घ्या. तेव्हा त्याला सांगण्यासारखं काहीतरी असेल: ही खोली, हा वार, ही व्यक्ती.

आता थोडं आपल्याबद्दल. आपण पुण्या-बंगळुरात बसलेली, जिल्ह्यातून निघालेली मंडळी. कंपनीच्या सीएसआरमधून 'रूरल कॉलेज आउटरीच' म्हणून एक दिवस जातो, टी-शर्ट वाटतो, सेल्फी काढतो आणि महाराष्ट्र एक्सप्रेसने परत. त्या एका दिवसाच्या प्रवासाचे, जेवणाचे, टी-शर्टचे पैसे मोजा कधीतरी. आठवड्यातून एकदा येणाऱ्या समुपदेशकाचं काही महिन्यांचं मानधन त्यातून सहज निघेल. फोटो मात्र मिळणार नाही, कारण बंद दाराआड कुणीतरी कुणाचं ऐकतंय याचा फोटो काढायचाच नसतो.

तेव्हा यंदा तुमच्या जुन्या कॉलेजातून 'पाहुणे म्हणून या' असा फोन आला, तर तारीख द्यायच्या आधी एकच विचारा: सर, 11 ऑक्टोबरला पोरांनी कुणाकडे जायचं?

उत्तरात नाव आलं तरच जा.