बंदी हवीच, पण अस्सल मागूरचे बीजही हवे

मा. आयुक्त,
मत्स्यव्यवसाय विभाग, महाराष्ट्र राज्य



थाई मागूर पाळण्यावर देशात २००० पासून बंदी आहे आणि ती रास्त आहे. मूळचा आफ्रिकेतला हा अधाशी मासा तळ्यातून निसटून नदीत गेला, की तिथल्या माशांचा फडशा पाडतो. त्याची तळी नष्ट करण्याची मोहीम आपण जरूर चालू ठेवा. पण शेतकरी त्याच्याकडे वळतो, कारण देशी मागूरची बोटुकली त्याला मिळत नाही. ती मिळाली नाही, तर बंदी कागदावरच राहील.

देशी मागूर हवेतूनही श्वास घेतो, उथळ पाण्यात तगतो, बाजारात जिवंत विकला जातो. लहान तळ्यांना याहून सोयीचा मासा नाही. अडचण आहे ती बीजोत्पादनात. नराचे पोट दाबून शुक्र मिळत नाही. त्याला मारून वृषण काढावे लागतात. मादीची अंडी रोहू-कटल्याच्या मानाने फार थोडी. पिल्लांची बलकपिशवी तीन-चार दिवसांत संपते आणि तेव्हा बारीक जिवंत खाद्य हाताशी नसेल, तर ती दगावतात. जी जगतात त्यांतली मोठी पिल्ले लहानांना खातात. खासगी केंद्रांना हा खटाटोप परवडत नाही.

म्हणून तीन मागण्या. पहिली : निवडक शासकीय मत्स्यबीज केंद्रांत मागूरसाठी स्वतंत्र उबवणी कक्ष आणि पिल्लांच्या जिवंत खाद्यासाठी प्राणिप्लवंगाची टाकी उभारा. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेकडे हे तंत्र आहे. दुसरी : नर-मादी निरनिराळ्या नद्यांतून आणा, त्यांची नोंद ठेवा, शुद्धता जनुकीय चाचणीने तपासा. त्याच त्या मोजक्या माशांपासून बीज काढत राहिलो, तर वाण खालावेल. तिसरी : भंडारा-गोंदियातल्या मच्छीमार सहकारी संस्थांना मत्स्यजिरे देऊन त्यांच्याकडून बोटुकली वाढवून घ्या. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पिशवीसोबत जात, केंद्र आणि तारीख लिहिलेली पावती सक्तीची करा. बोटुकलीच्या वयात देशी आणि थाई मागूर नुसत्या नजरेने ओळखणे कठीण असते. फसवणूक होते ती तिथेच.

मागूरची वीण पावसाळ्यात होते आणि नर-मादी त्याआधी काही महिने सकस खाद्यावर ठेवावी लागतात. त्यामुळे येत्या हंगामात बीज हवे असेल, तर निर्णय उन्हाळ्यापूर्वीच घ्यावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक मत्स्यशेतकरी