मेल ‘गेला’ म्हणजे नेमके काय झाले?

जून २०२१ मध्ये एचबीओ मॅक्सच्या असंख्य ग्राहकांना एक चमत्कारिक मेल आला. विषय होता, ‘इंटिग्रेशन टेस्ट ईमेल क्रमांक १’. आत एवढेच, की हा साचा फक्त चाचण्यांसाठी वापरला जातो. घरातल्या घरात राहायचा मजकूर खऱ्या माणसांच्या हाती पडला होता. कंपनीने इंटर्नकडे बोट दाखवले, जगभरच्या प्रोग्रामरांनी आपापल्या चुका सांगून त्या इंटर्नला धीर दिला आणि प्रकरण हसण्यावारी गेले.

मला काळजी वाटते ती उलट प्रकाराची. चाचणीचा मेल भलत्याला गेला की बोभाटा होतो. खरा मेल मोडक्या अवस्थेत पोचला तर कोणाला पत्ताही लागत नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज भरणाऱ्या मुलीला पासवर्ड बदलण्याची लिंक येते, ती उघडत नाही, आणि तिला वाटते आपलेच काही चुकले. ती तक्रार कुठे करणार? तिच्या मेलचा पत्ता बहुधा नेट कॅफेवाल्यानेच काढून दिलेला असतो. आज नोंदणी, हॉल तिकीट, पावती, मुलाखतीचे बोलावणे, सगळे एका मेलवर टांगलेले आहे.

या धंद्यात नसलेल्यांसाठी थोडे सांगतो. सॉफ्टवेअर ग्राहकाच्या हवाली करण्याआधी, ठरल्याप्रमाणे ते चालते का हे पाहणाऱ्या चाचणीला अ‍ॅक्सेप्टन्स टेस्ट म्हणतात. हल्ली ती यंत्रच करते: फॉर्म भरते, बटण दाबते, पुढचे पान बरोबर आले का पाहते. पण मेल स्क्रीनच्या बाहेर जातो, म्हणून बहुतेक ठिकाणी ही तपासणी दारातच थांबते. जँगोमध्ये चाचणी चालू झाली की मेल बाहेर जातच नाहीत, ‘आउटबॉक्स’ नावाच्या यादीत साठतात. रेल्समध्येही तशीच यादी आहे. यादीत एक मेल दिसला की हिरवी खूण. प्रोग्रामपुरती ही सोय उत्तम आहे, पण तिला अ‍ॅक्सेप्टन्स टेस्ट म्हणणे मला मान्य नाही. स्वीकारायचे कोणी, तर ज्याला मेल मिळणार त्याने. त्याच्या जागी बसून पाकीट कोणी उघडलेच नाही.

पाकिटात काय बिघडू शकते याचे आपल्या भाषेतलेच उदाहरण घ्या. मेलची वाहतूक ज्या नियमांवर चालते ते १९८२ मध्ये लिहिले गेले, इंग्रजी मुळाक्षरांपुरते. देवनागरी विषय त्यातून पाठवायचा तर १९९६ च्या आरएफसी २०४७ नुसार तो इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक तुकड्यांत बांधावा लागतो, आणि एक तुकडा ७५ अक्षरांपेक्षा लांब चालत नाही. यूटीएफ-८ मध्ये आपले एकेक चिन्ह तीन बाइट खाते, काना, वेलांटी, हलन्त सगळे वेगळे मोजून. ‘शिष्यवृत्ती अर्ज’ एवढे दोनच शब्द घ्या. ४६ बाइट होतात, बेस-६४ मध्ये बांधले की ६४ अक्षरे, आणि तुकड्याच्या दोन्ही टोकांची १२ धरून ७६. एका अक्षराने बाहेर! म्हणजे दुसरा तुकडा करावाच लागतो. अक्षराच्या मधोमध कापू नये असे नियम सांगतो, पण घाईत लिहिलेला कोड कापतो, आणि वाचणाऱ्याला चौकोन नाही तर प्रश्नचिन्हे दिसतात. इंग्रजी ‘वेलकम’ घालून केलेल्या चाचणीत हे जन्मात सापडणार नाही.

लिंकची गतही तीच. मेलच्या एका प्रचलित बांधणीत ‘बरोबर’चे चिन्ह तसेच न जाता तीन अक्षरांची खूण होऊन जाते, आणि लांब ओळ ७६ अक्षरांवर तोडली जाते. मेल वाचणारा प्रोग्राम हे पुन्हा जुळवून घेतो. चाचणीनेही आधी मेल नीट उलगडावा, मग लिंक काढावी, आणि ती खरोखर उघडून नवा पासवर्ड टाकून आत जाऊन दाखवावे. तीच लिंक दुसऱ्यांदा चालता कामा नये, हेही तिथेच पाहून घ्यावे.

यासाठी मोठा खर्च नाही. मेलहॉग किंवा त्याच वळणाचा मेलपिट हे फुकट मिळणारे नकली पोस्ट ऑफिस आहे. १०२५ क्रमांकाच्या पोर्टवर मेल घेते, पुढे कोणाला देत नाही, आणि ८०२५ वर उघडून दाखवते. आपला प्रोग्राम मात्र खऱ्या पोस्टाशी बोलतो तसाच बोलतो. पत्ते ‘एक्झाम्पल डॉट कॉम’चे वापरावेत. ते नाव १९९९ मध्ये उदाहरणांसाठीच राखून ठेवले आहे, म्हणजे चुकून काही निसटले तरी कोणाच्या घरी जाणार नाही. प्रत्येक चाचणीला वेगळा पत्ता द्यावा, नाहीतर एकीचा मेल दुसरी वाचते. आणि ‘पाच सेकंद थांब’ असे लिहू नये. मेल येईपर्यंत दर क्षणाला विचारावे, ठरलेली मुदत संपली तर नापास. अशा चाचण्या संथ असतात आणि उगाच फसतात ही सहकाऱ्यांची कुरकुर निम्मी तरी या ‘पाच सेकंदां’मुळे आहे. उरलेली निम्मी खरी आहे, म्हणून पाच-सात महत्त्वाच्या मेलपुरत्याच त्या ठेवाव्यात.

चाचणीतली माणसे कोण असतात, तेही पाहा. ‘टेस्ट यूजर’ नाही तर ‘जॉन डो’. आपल्यात कोणी ‘शेख अब्दुल करीम’ असे नाव लिहितो, आणि मेल त्याला ‘प्रिय शेख’ म्हणून हाक मारतो. कोणी रोमनमध्ये मोहम्मदचे दोन अक्षरी रूप करून पुढे टिंब देतो. मेलच्या शीर्षकात असे टिंबवाले नाव अवतरणचिन्हांत हवे असा नियम आहे. आडनावापुढे स्वल्पविराम असेल आणि अवतरणचिन्हे नसतील, तर यंत्र एका माणसाचे दोन पत्ते समजते! ही नावे चाचणीच्या यादीत घालायला दोन मिनिटे लागतात. ती घातलेली नसतात, कारण यादी करणाऱ्याला तशी माणसे आठवतच नाहीत.

नकली पोस्टाला एक गोष्ट कळत नाही: जीमेल हा मेल ठेवेल की स्पॅममध्ये ढकलेल. फेब्रुवारी २०२४ पासून दिवसाला ५००० हून अधिक मेल पाठवणाऱ्यांनी एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या ओळखीच्या खुणा लावल्याच पाहिजेत, अशी गूगलची अट आहे. प्रसिद्धीचे मेल एका क्लिकमध्ये बंद करण्याची सोयही हवी. त्या सोयीची ओळ मेलमध्ये आहे का, हे चाचणी सांगू शकते. बाकीच्यासाठी नवी आवृत्ती निघेल त्या दिवशी टीममधल्या कोणीतरी दोन-तीन खऱ्या खात्यांवर मेल मागवावा, साध्या स्वस्त फोनवर उघडावा, आणि विषयाची ओळ शेवटपर्यंत मराठीतच वाचता येते का ते बघावे.