विश्लेषण : मंदीत संगणकाच्या खर्चाला कात्री, पण नेमकी कुठे?

सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टी आणि पुराने धाराशिव जिल्ह्यात परंडा, भूमसह अनेक तालुक्यांतील खरीप हातचा गेला. राज्य सरकारने ७ ऑक्टोबरला ३१ हजार ६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. मात्र शेतकऱ्याच्या हाती पैसा खुळखुळत नसला की अडत, कृषी सेवा केंद्र, कापड दुकान, पतसंस्था अशी सगळी साखळीच थंडावते. सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये असताना बाजारात त्याहून बरेच कमी दर मिळाल्याने त्यात भर पडली. अशा वेळी पहिली कात्री लागते ती न दिसणाऱ्या खर्चाला, म्हणजे संगणक देखभालीचा करार, अँटिव्हायरसचे नूतनीकरण आणि बॅकअप यांना. ही बचत महागात का पडू शकते?

आपल्यासारख्या छोट्यांकडे कोण बघतो?

हा समज सहकार क्षेत्राला यापूर्वी भोवला आहे. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये ९४ कोटींहून अधिक रुपये लुटले गेले. एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेत घुसखोरी करून बनावट कार्डांद्वारे २८ देशांतून रोकड काढली गेली. दोन दिवसांनी ‘स्विफ्ट’ यंत्रणेतून हाँगकाँगमधील खात्यात रक्कम वळती झाली. भारतात पैसे काढण्यासाठी वापरलेल्या शहरांत कोल्हापूरही होते. पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले, तोवर एप्रिल २०२३ उजाडला होता.

लहान संस्थांसाठी दुसरे प्रकरण अधिक बोलके आहे. सहकारी आणि ग्रामीण बँकांना तंत्रसेवा देणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीजवर जुलै २०२४ च्या अखेरीस खंडणीखोर सॉफ्टवेअरचा, म्हणजेच ‘रॅन्समवेअर’चा हल्ला झाला. राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने ३१ जुलैला ही कंपनी किरकोळ पेमेंट यंत्रणेपासून तोडली आणि देशभरातील सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय, एटीएम व्यवहार अडले. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. हल्ल्याची वाट कंपनीच्या एका भागीदार पुरवठादाराच्या चुकीच्या मांडणीच्या सर्व्हरमधून गेल्याचे सायबर संशोधकांनी सांगितले. त्या ३०० बँकांची स्वतःची चूक काहीच नव्हती. तंत्रसेवा बाहेरून घेणे स्वस्त पडते हे खरे, पण त्याबरोबर पुरवठादाराची बेफिकिरीही विकत घेतली जाते.

पतसंस्थांचे काय?

कॉसमॉस प्रकरणानंतर रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट आणली आणि डिसेंबर २०१९ मध्ये बँकेच्या डिजिटल व्याप्तीनुसार तिचे चार स्तर केले. पतसंस्था मात्र राज्याच्या सहकार कायद्याखाली येतात. त्यांना ना ही चौकट लागू, ना त्यांच्या ठेवींना पाच लाखांच्या ठेव विम्याचे कवच. म्हणजे पतसंस्थेचा डेटा गेला तर ठेवीदाराकडे उरते ते हातातले पासबुक. पतसंस्थेच्या वार्षिक सभेत लाभांशावर जितका वाद होतो, त्याच्या निम्मा तरी बॅकअपवर व्हायला हरकत नाही.

मग बचत करायची कुठे?

जागा बऱ्याच आहेत. नवे संगणक घेणे पुढे ढकलता येते. जुन्या यंत्रातील हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली की ते पुन्हा पळू लागते, तेही नव्याच्या किमतीच्या लहानशा हिश्श्यात. येथे एक मेख आहे. विंडोज १० ला मिळणारा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मायक्रोसॉफ्टने वैयक्तिक वापरकर्त्यांना नोंदणी केल्यास आणखी वर्षभर सुरक्षा अपडेट देऊ केले आहेत; संस्थांना त्यासाठी पैसे मोजावे लागतात आणि दर वर्षी शुल्क दुप्पट होते. त्यामुळे जे जुने यंत्र विंडोज ११ घेऊ शकत नाही, ते हिशेबाच्या किंवा बँकिंगच्या कामातून बाजूला काढावे. केवळ ब्राउझरवर काम चालत असेल तर मोफत लिनक्स पुरते.

न वापरले जाणारे क्लाउड सदस्यत्व, दोन सॉफ्टवेअरमध्ये दोनदा भरली जाणारी तीच बिले, कोणीच न वापरणारे वाढीव इंटरनेट पॅकेज यांवरही फुली मारता येते. ‘क्रॅक’ केलेले हिशेबाचे सॉफ्टवेअर मात्र बचत नव्हे. ते चालवण्यासाठी अनेकदा अँटिव्हायरस बंद करावा लागतो, म्हणजे दार आपणच उघडून ठेवतो.

हात कुठे लावू नये?

सर्वप्रथम बॅकअपला. अनेक दुकानांत हिशेबाची प्रत पेनड्राइव्हवर असते आणि तो पेनड्राइव्ह संगणकाशेजारच्या खणात. पुराचे पाणी शिरले तर दोन्ही एकत्र भिजतात. तो यंत्राला जोडलेलाच राहिला तर रॅन्समवेअर दोन्ही एकत्र कुलूपबंद करते. किमान तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर आणि त्यातील एक दुसऱ्या ठिकाणी, हा जुना नियम येथे शब्दशः लागू पडतो. महिन्यातून एकदा ती प्रत उघडून पाहणेही आवश्यक, कारण न उघडणारा बॅकअप असून नसल्यासारखा.

दुसरी बाब मनुष्यबळाची. मंदीत संगणक चालवणारा मुलगा कमी केला जातो, पण पासवर्ड तेच राहतात. जीएसटी पोर्टलवर मोबाइल क्रमांक कर सल्लागाराचा, ईमेल दुकानातल्या जुन्या कर्मचाऱ्याचा, दुरुस्तीवाल्याकडे दुरून संगणक चालवण्याची कायमची परवानगी, हे चित्र कोणत्याही तालुक्याच्या बाजारपेठेत सापडेल. हे सारे आपल्या नावावर घेणे, द्विस्तरीय पडताळणी सुरू करणे आणि मोठी रक्कम पाठवताना एकाने भरून दुसऱ्याने मंजूर करणे, याला जवळपास काहीच खर्च नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका किंवा वाहन चलान म्हणून येणाऱ्या ‘एपीके’ फाइल दुकानाच्या बँक खात्याशी जोडलेल्या मोबाइलवर उघडायच्या नाहीत, हेही नोकरांना सांगून ठेवावे लागेल.

पैसे गेलेच तर?

१९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार केल्यास रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वी गोठवली जाण्याची शक्यता असते. त्यामुळे आधी ओळखीच्यांना विचारू, मग पाहू, यात वेळ घालवणे घातक. बँकेलाही लगेच कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या निर्देशांनुसार ग्राहकाने स्वतः ओटीपी किंवा पिन दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचेच. कंपन्यांसाठी आणखी एक घड्याळ चालू असते. केंद्राच्या ‘सर्ट-इन’ने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या आदेशानुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि यंत्रणेतील नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात. देखभालीचा करारच रद्द केलेला असेल, तर या नोंदी काढून देणार कोण, हे करार रद्द करण्यापूर्वी विचारून घेतलेले बरे.